शुक्रवारी दिवा बंद

सोमवार, ६ फेब्रुवारी

दादाने आज ही नवी डायरी हातात ठेवली. आपल्या हॉलला चाळीस वर्षं होतायत, पुस्तिका काढायची आहे, तलवारबाजीचा इतिहास तू लिही म्हणाला. मी म्हटलं, माझा आणि लेखनाचा संबंध मास्कवर नंबर घालण्यापुरता. तर म्हणे, खेळ बाहेरून बघणारा तू एकटाच, आम्ही सगळे आत होतो. दादाचं हे असंच. नकार द्यायला जागाच ठेवत नाही.

तेव्हा इथे कच्चं लिहीन, मग पक्कं करीन. कच्च्यात घरचंही येईल, त्याला इलाज नाही.

मी म्हणजे हॉलच्या मागच्या खोलीत बसून पाती सरळ करणारा, वायरी जोडणारा, मास्क तपासणारा माणूस. पोरं लोहारकाका म्हणतात. दादा सात वर्षांनी मोठा, हॉलचा सर. वडील गेले तेव्हा मी अकराचा होतो, तेव्हापासून वडीलही तोच. त्याचं लग्न झालं, माझं राहून गेलं. वहिनी म्हणते, तुमचं लग्न पाती आवळून धरणाऱ्या त्या खेकड्यासारख्या व्हाइसशी लागलंय, दिवसभर तिच्याच दाढेत हात.

इतिहासाची सुरुवात कुठून करायची तेच कळेना. शेवटी एवढं लिहिलं: आधी माणसं एकमेकांना खरोखरच मारत होती. मग कुणाला तरी शिकताना मरायचा कंटाळा आला.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. सरावाच्या पात्याच्या टोकाला बोथट घुंडी बसवायचे, ती फुलाच्या कळीसारखी दिसायची, म्हणून त्या पात्याला कळीचं नाव पडलं. मला हे फार आवडलं. मारायच्या वस्तूला कुणी फुलाचं नाव देतं, तिथेच खेळ सुरू झाला म्हणायचा.

दुसरी गोष्ट अशी की तोंडावर काही नसताना दोघांनी एकदम वार केले तर डोळे जाणार. म्हणून नियम झाला, ज्याने आधी चाल केली त्याचा हक्क पहिला. समोरच्याने आधी ती अडवायची, मग स्वतःचा वार. आज पोरं हा नियम गुणांसाठी घोकतात. तो मुळात डोळ्यांसाठी होता.

आज शुक्रवार, म्हणजे दिवा बंद. हे आमच्याच हॉलचं. एरवी वार लागला की यंत्रावरचा दिवा पेटतो. शुक्रवारी दादा यंत्राची वायर काढतो, पंचही उभा करत नाही. ज्याला लागलं त्याने स्वतःच हात वर करायचा आणि म्हणायचं, ‘लागलं.’ जुन्या काळी असंच चालायचं. दिवा आला आणि हात खाली गेले, असं दादा म्हणतो. हे वाक्य पुस्तिकेत घेतो.

डावरीने आज तीनदा हात वर केला, चौथ्यांदा केला नाही. दादाने नुसतं बघितलं. मग तिने दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, सर, उधारीसकट. सगळा हॉल हसला, दादासुद्धा. चौदा वर्षांची पोर, डाव्या हाताने खेळते, समोरच्याला तिचा हात उलटा येतो आणि तो गोंधळतो. तिची आई आमच्या हॉलची जाकिटं शिवते. निवड चाचणीत या वर्षी आमचं कोणी लागलंच तर हीच.

सोमवार, १३ फेब्रुवारी

इतिहासात दादाचाही एक परिच्छेद घालणार आहे. त्याला सांगितलेलं नाही.

दादा तेविसाचा, अंतिम लढत, सेबर या तलवारीची. सेबरला दिवा सगळ्यात शेवटी आला, तेव्हा चार पंच डोळ्यांनीच बघायचे. शेवटचा गुण. दादाचा वार लागला, पंचांनी त्याला दिला, लोक उठून उभे राहिले. आणि दादाने हात वर केला. म्हणाला, त्याच्या आधी मला लागलंय, खांद्यावर. कुणाला दिसलं नव्हतं. विजेतेपद गेलं. मी सोळाचा होतो, मागच्या बाकावर रडलो. घरी येताना त्याने मला एवढंच सांगितलं, ‘लागलेलं आपल्याला ठाऊक असतं रे. दुसऱ्या कुणाला दिसायची वाट काय बघायची?’

माझ्या आयुष्यात मी जे काही शिकलो ते या एका वाक्यात आलं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

वर्षातून एकदाचं मास्क तपासणीचं काम. स्प्रिंगचा टोच्या जाळीच्या डोळ्यात ठेवून बारा किलोपर्यंत दाबायचा. तार सरकली की मास्क बाद. बाद म्हणजे बाद, त्यात ‘चालेल’ नाही. आतल्या पांढऱ्या कापडावर तेलरंगाची लाल फुली मारून पोत्यात टाकतो. डोळ्यांत तेल घालून करायचं काम आहे हे.

पुस्तकात वाचलं, पहिल्यांदा जाळीचा मास्क निघाला तेव्हा मोठमोठे उस्ताद नाक मुरडत होते. कसलेला माणूस चेहऱ्यावर मारतच नाही, मग मास्क हवा कशाला? किती डोळे गेल्यावर त्यांना पटलं ते पुस्तकात नाही. आणि चाळीसेक वर्षांपूर्वी एका जगज्जेत्याच्या मास्कमधून मोडलेलं पातं आत गेलं आणि तो दगावला, तेव्हा कुठे सगळ्या जगाने जाळ्या आणि पोलाद बदललं. आमच्या खेळाला शहाणपण नेहमी एक माणूस गेल्यावरच सुचत आलंय.

एकूण चव्वेचाळीस मास्क. सहा बाद. त्यात एक डावरीचा, तीन वर्षं तिने वापरलेला, आत चांदणी चिकटवलेली. उजवीकडे तार साफ सरकली. पोर हिरमुसली. दादा तिच्यापेक्षा जास्त हिरमुसला. रविवारी चाचणी, नवे मास्क यायला पंधरा दिवस, आणि तिच्या मापाचा दुसरा नाही. मी म्हटलं, पलीकडच्या हॉलकडून दोन दिवसांसाठी आणू. तिथल्या सरांशी दादाचं दहा वर्षं बोलणं नाही. दादा म्हणाला, ‘बघतो मी.’ मी म्हटलं, मी जातो मागायला. म्हणाला, राहू दे, तुझं नाक वाहतंय.

शनिवार, १८ फेब्रुवारी

सर्दीने डोकं जड झालंय. दुपारी गोळी घेतली आणि खोलीतल्या खुर्चीतच झोप लागली, ती पार चारपर्यंत. उठलो तर थिनरचा वास. दादा बेसिनपाशी हात धूत होता, बोटं लाल. म्हणाला, उद्या पाहुणे येतील, खेळाच्या पट्टीच्या रेषा जरा रंगवल्या. या वयात वाकून रेषा रंगवतो. मला उठवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी विचारलं, मास्कचं? ‘झालं काम,’ म्हणाला. जीव भांड्यात पडला. म्हणजे दहा वर्षांचा अबोला सोडून गेला असणार मागायला. पोरीसाठी काय करेल नि काय नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

समोरच्या मुलीचं पातं मोडलं. डावरीच्या मास्कमधून आत गेलं. उजवा डोळा.

लिहवत नाही.

सोमवार, २० फेब्रुवारी

मास्क तिचाच होता. तो जुना. चांदणीवाला.

काल मी दोन लढती सोडून पलीकडच्या टोकाला वायर जोडत होतो. आवाज ऐकला. पातं मोडल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो, त्याचं काही वाटत नाही, महिन्याला दोन मोडतात. त्यानंतर जी शांतता झाली तिचं वाटलं. धावलो तेव्हा तिची आई तिच्याजवळ बसलेली होती आणि मास्क कुणीतरी बाजूला ठेवला होता. आत लाल फुली नव्हती. त्या जागी गुलाबी फराटा.

आज दुपारी दादा माझ्या खोलीत आला. दार लावलं. पात्यांच्या रॅककडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, ‘शनिवारी तू तो परत तपासलास ना रे?’

मी म्हटलं, ‘मी?’

‘आठव.’

मला काही आठवेना. गोळी घेतली, झोपलो, उठलो. दादा म्हणाला, गोळीने माणसाला काय केलं तेही आठवत नाही, त्याचा कुणीतरी मित्र तर गाडी चालवून आला होता. आणि रडायला लागला. वडील गेले तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याला धरून बसलो. पाठीवर हात फिरवत म्हटलं, आठवतो, आठवतो मी.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

पोतं उपडं केलं. पाच मास्क. डायरीत सहा लिहिलेत. म्हणजे एक मीच काढला असणार. पोत्याला माझ्याशिवाय कोण हात लावतं?

खुर्चीत बसून डोळे मिटून बघितलं, शनिवारची दुपार येते का. खुर्ची आली, खिडकी आली, टोच्या टेबलावर होता तो आला. माझे हात आले नाहीत. पण दादा विचारतो म्हणजे त्याने काहीतरी बघितलं असणार. तो उगाच बोलणारा माणूस नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

डोळा वाचला नाही.

दवाखान्यात गेलो. तिची आई दाराबाहेर बाकावर होती, माझ्याकडे न बघता सरकून जागा दिली. आत डावरी उशीला टेकून बसलेली, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. मला बघून म्हणाली, ‘लोहारकाका, डावरीला डावा डोळा पुरतो.’ मला हसायचं होतं. जमलं नाही.

मग म्हणाली, ‘मी सरांना विचारलं होतं, हा तर बाद आहे ना? सर म्हणाले, काकांनी परत तपासलाय, घाल. मग मी घातला.’

म्हणजे झालंच. माझं नाव ऐकून तिने तो डोक्यावर चढवला. चाळीस वर्षांत पोरांच्या मनात माझ्या फुलीवर जेवढा विश्वास जमला होता, तेवढा सगळा त्या एका मिनिटात तिच्या डोळ्याच्या मुळावर आला.

घरी येऊन वहिनीला सांगितलं की माझ्याच हातून झालंय. ती कपडे धूत होती. दादाचा शनिवारचा शर्ट तिच्या हातात होता, बाहीचे लाल डाग काही केल्या निघेनात. तिने तो पिळला, परत पिळला, आणि म्हणाली, ‘चोर सोडून संन्याशाला फाशी.’ पाती बनवणाऱ्या कंपनीबद्दल बोलत असावी. तिलाही वाटतं पातं मोडलंच कसं. मी समजावलं की पाती मोडतातच, मास्क त्यासाठीच असतो. ती उठून आत गेली.

शुक्रवार, ३ मार्च

वहिनी दादाशी बोलत नाही. माझ्यापायी घरात हे सुरू झालं. माझं ताट मात्र पहिलं वाढते, दुधाचा पेला हातात आणून देते, मी आजारी असल्यासारखा. जेवत नाही म्हटलं तर उभी राहते. असल्या माणसाला जेवण कशाला घालतात?

हॉल बंद आहे. आज एकटाच जाऊन पट्टीवर बसलो. रेषा बघितल्या. दादाने रंगवल्या खऱ्या, पण कुठे हात फिरलाय ते कळतच नाही, होत्या तशाच फिकट. साहजिक आहे, त्याला कुठे रंगाची सवय. वाकून पाठ दुखली असेल, सोडून दिलं असेल.

इतिहास लिहायचा प्रयत्न केला. एका ओळीपुढे सरकेना. ज्याने डोळ्यांसाठी नियम केला त्याला कुणी सांगेल का की इतक्या शतकांनंतर एक माणूस येईल, त्याच्याकडे टोच्या असेल, रंग असेल, पुस्तकं असतील, आणि तो गोळी घेऊन झोपेल.

गुरुवार, ९ मार्च

डावरीच्या आईने जाकिटांचं गाठोडं पाठवलं. अर्धवट राहिलेली अकरा जाकिटं, सगळी पुरी करून. कुठे एक टाका सैल नाही. डावरीचंही होतं, कॉलर उसवली होती ती शिवलेली, घडी घातलेली. चिठ्ठी नव्हती. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी त्या घेऊन बसलो असतो. हे घेऊन कुठे बसू?

टोच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. हल्ली वायरही जोडता येत नाही. साठीच्या आत संपलो मी. वाईट एवढंच वाटतं की दोन महिने आधी संपायला हवं होतं.

गुरुवार, १६ मार्च

चौकशी झाली. महासंघाच्या तीन माणसांची समिती, आमच्याच हॉलमध्ये लांब टेबल लावून. मधे एक बाई, पूर्वी स्वतः साहित्य तपासणाऱ्या, तेव्हा त्यांच्यापुढे बाता मारता येणार नव्हत्या. मला मारायच्याही नव्हत्या. टेबलावर मास्क. दादा माझ्या शेजारी.

बाईंनी विचारलं, हा बाद मास्क खेळात परत कसा आला? मी बाजूला बघितलं. दादाचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला होता. माझ्यासाठी तो उभा राहणार, सगळं स्वतःवर घेणार, हे मला दिसलं. त्याचा स्वभावच तसा. मी त्याला तसं करू देणार नव्हतो. आयुष्यभर त्याने माझं ओझं उचललं, एवढं तरी माझं मला उचलू दे. मी त्याच्या आधी हात वर केला.

‘लागलं,’ म्हणालो. तोंडातून तेच आलं. मग नीट सांगितलं, माझ्या हातून झालं, मीच काढला, मीच पास केला.

दादाचा हात परत मांडीवर गेला.

बाई म्हणाल्या, ‘फुली कशाने पुसलीत?’ मास्क माझ्यापुढे सरकवला. वास अजून होता. मी म्हटलं, थिनरने. त्यांनी आतली गादी दाखवली, कडेने आकसून कडक झालेली. ‘थिनरने गादी जळते, तुम्हाला माहीत नाही?’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘चाळीस वर्षं पोरांना तेच सांगत आलोय. पुसायचं तर साबणाचं पाणी, थिनर कधी नाही.’

‘मग?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. मी गोळीचं सांगितलं. झोपेत माणूस सगळं शिकलेलं विसरत असेल. त्यांनी पेन खाली ठेवलं, आणखी कुणाला काही सांगायचंय का विचारलं. दादा जमिनीकडे बघत होता. त्याला माझी लाज वाटली असेल. वाटणारच.

मंगळवार, २१ मार्च

निकाल आला. मी पुन्हा कुठेही साहित्य तपासायचं नाही. कायमचं. दादावर ठपका नाही, हॉल सोमवारपासून सुरू करायला हरकत नाही. निदान एक गोष्ट बरी झाली.

दवाखान्यातून डावरी घरी गेली. तिच्या आईने निरोप पाठवला की येऊ नका.

शुक्रवार, २४ मार्च

खोलीची किल्ली द्यायला हॉलवर गेलो. सोमवारची तयारी म्हणून मोठी पोरं साफसफाईला आली होती, झाडून झाल्यावर दोघं पट्टीवर उतरली. शुक्रवार असून यंत्राची वायर जागेवर, दिवा पेटत होता. मी एका पोराला विचारलं. म्हणाला, सरांनीच सांगितलं, आता शुक्रवारीही दिवा चालू ठेवायचा. माझ्यामुळे त्याचा माणसांवरचा विश्वासच उडाला. हे पाप डोळ्याच्या पापाहून लहान नाही.

खोली रिकामी करायला तासही लागला नाही. व्हाइसला शेवटचं तेल दिलं. नवा माणूस येईल त्याच्यासाठी टोच्या टेबलावर काढून ठेवला, शेजारी लाल रंगाचा डबा. डबा जड लागला, जवळजवळ भरलेला. रेषांना दादाने थेंबभरच वापरला असेल. थिनरची बाटली मात्र पार रिकामी. ती कचऱ्यात टाकली.

संध्याकाळी घरी दादा माझ्या खोलीत आला. महिनाभरात पहिल्यांदा समोर बसला. फार वाळलाय. पुस्तिकेचे कागद टेबलावर होते, त्यातला तेविसाव्या वर्षीच्या लढतीचा परिच्छेद वर होता. त्याने तो वाचला. म्हणाला, ‘हे काढून टाक.’

मी म्हटलं, ‘का?’

‘नको वाटतं.’

‘पण खरं आहे ना?’

‘तेव्हा होतं,’ म्हणाला. आणखी काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी अकराचा होतो तेव्हा ठेवायचा तसा. मग उठून गेला. बाहेर वहिनी उभी होती, तिने त्याला वाट दिली, बोलली नाही.

एवढा मोठा माणूस, पण चार ओळींची स्तुतीही सहन होत नाही त्याला. मी काढणार नाही. या सगळ्या इतिहासात मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच आहे. माझ्या हातून बाकी सगळं नासलं, एवढं एक तरी खरं राहू दे. आताच तो भाग पक्क्या अक्षरात उतरवून काढला.